गुंजेचा पाला

पाला तोडून आणायचा होता, मी अख्खा वेलच ओढून आणला. ओढताना कुपाटीची, म्हणजे मळ्याच्या काटेरी कुंपणाची, बोराटी हातभर मोकळी झाली. त्या वाटेनं शेजाऱ्याची शेळी आत शिरून मेथीचा अर्धा वाफा खाऊन गेली, हे मला घरी येऊन पाणी प्यायल्यावर कळलं. मला एक काम सांगितलं की मी ते निम्मं करतो आणि सोबत दोन नवी कामं उभी करून येतो, असं बायकोचं म्हणणं आहे. तिच्या माहेरी कामरगावला हेच मत लग्नाच्या पंगतीपासून आहे, कारण त्या दिवशी नवरदेव असूनही मी वाढायला उठलो होतो आणि वरणाची बादली तिच्या चुलत्याच्या पायावर लवंडली होती. ते असो. मेथीचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही.

घरात पोरगी खोकत होती.

मोठी लढाई संपून वर्ष झालं असेल. वाशीमच्या बाहेर आमचा लहानसा मळा होता. एक विहीर, एक मोट, वांगी, मेथी, कोथिंबीर, तांदुळजा. जे निघेल ते टोपल्यांत भरून बाजारात न्यायचं. राहायचोही मळ्यातच, दोन खोल्यांच्या मातीच्या घरात. मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. तिच्याआधीचा मुलगा पाळण्यातच गेला होता. त्याच्याविषयी आम्ही दोघं बोलत नसू, पण मुलगी शिंकली तरी बायकोच्या हातातला झारा थांबायचा, तेवढ्यावरून मला समजायचं.

खोकला आधी साधाच वाटला. मग एका सकाळी ती खोकायला लागली ती थांबेचना. एकावर एक ढास, मध्ये श्वास घ्यायला फट नाही. तोंड लाल झालं, मग जांभळं, डोळे पाण्यानं भरून बाहेर आले, आणि सगळं एकदम थांबलं. खोकला नाही, श्वासही नाही. नुसतं उघडं तोंड. मग कोरड्या पडलेल्या मोटेच्या चाकासारखा लांब, चिरका आवाज करत श्वास आत गेला, आणि त्यामागून उलटी. डांग्या खोकला, हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच थंडीत बाजाराच्या मागच्या आळीत एक मूल त्यानं गेलं होतं. तो चिरका आवाज ऐकला की बाहेरची माणसं घाबरत. आम्ही दोघं मात्र तो आवाज आला की सुटायचो, कारण तो आला म्हणजे श्वास आत गेला. तो येईपर्यंत मी कधी खाटेचा पाय धरून बसायचो, कधी स्वतःचाच श्वास रोखून धरायचो, जणू मी वाचवलेला श्वास तिला मिळणार होता.

रडलं की ढास उठते, हे आम्हाला दोन दिवसांत कळलं. तेव्हापासून घरात एकच कायदा चालू झाला. तिला रडू द्यायचं नाही. ती मागेल ते द्यायचं, म्हणेल ते करायचं. तिनं बैलाच्या गळ्यातली घंटा मागितली, दिली. तिनं मला घोडा केलं, मी झालो. एकदा तिनं माझ्या कपाळावर वाटीतलं कुंकू फासलं आणि पुसायचं नाही म्हणून बजावलं. मी तसाच बाजारात वांगी विकायला बसलो. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मला हात जोडून विचारलं की कोणत्या देवीचं व्रत घेतलं आहे. मी म्हटलं, घरच्याच. त्यानं वांग्यांचा भाव न करता पैसे दिले.

औषधं चालूच होती. बायको अडुळशाचा काढा करायची. बेहडा भाजून त्याचा तुकडा गालात धरायला द्यायची. मोरपिसाची राख मधात चाटवून झाली. कोणी गाढविणीचं दूध सांगितलं, तर मी परटाकडं गेलो. गाढवीण धरायचं काम मी अंगावर घेतलं, आणि तिनं मला तिथल्या तिथं माझी जागा दाखवली. मांडीवर लाथेचा काळानिळा डाग घेऊन मी वाटीभर दूध आणलं. मुलीनं ते तोंडात घेऊन माझ्याच सदऱ्यावर थुंकलं. कडू, तुरट, आंबट काहीही असो, तिचा ओठ वाकडा व्हायचा, मग रडू, मग ढास. औषधच ढास आणायला लागलं.

खरं सांगायचं तर खोकला घरात आणखी एकाला होता, तो म्हणजे मला. माझा विडीचा, बारमाही. बायको दर हिवाळ्यात माझ्यासाठीही अडुळसा उकळायची आणि वाटी माझ्या हातात देऊन आत जायची. ती आत गेली की काढा परसातल्या पपईच्या बुडाशी जायचा. पपईला कधी खोकला झाला नाही.

अशात किन्हीराजाहून माझा मामेभाऊ आला. माझ्यापेक्षा लहान, पलटणीत खेचरं सांभाळायला गेलेला, नुकताच सुटून आलेला. जावा नावाच्या बेटावर होता. त्याला नेलं होतं जपान्यांशी लढायला. हा पोचला तोवर जपानी हरून बसले होते, आणि तिथलेच लोक यांच्यावर गोळ्या झाडत होते, कारण त्यांना आता त्यांचं राज्य पाहिजे होतं. तो म्हणायचा की आमच्यापैकी कितीकांना त्यांचं पटत होतं, पण बंदूक हातात आपली असली तरी हुकूम आपला नसतो.

तिथं जहाजावरच त्याला खोकला धरला होता. मुलीची ढास पाहून त्याला ते आठवलं. सकाळी मोटेच्या धावेवर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. तिथल्या बाया पाठीला कापडानं टोपली बांधतात, टोपलीत बाटल्या, आणि दारोदार औषध विकतात. एका बाटलीत हळद आणि चिंच, एकीत भिजवलेले तांदूळ वाटून त्यात कापरासारखा वास येणारा कुठलासा कंद. पोरं, म्हातारे, हमाल, सगळे सकाळी उठून ते पितात. तो छावणीच्या तारेजवळ खोकत उभा असताना अशीच एक म्हातारी थांबली आणि तिनं दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी बाटली आणली.

“आमचा हवालदार म्हने, पिऊ नको, इख असंल,” तो म्हणाला. “म्या पेलो. गोड लागे, दादा. मंग तिनं पाला दाखवला. गुंजीचा पाला. खडीसाखर टाकून उकळे.”

आणि त्यानं माझ्या कुपाटीकडं बोट केलं. बोराटीवर गुंजेचा वेल पसरला होता, शेंगांनी लगडलेला. तो वेल मी वर्षानुवर्षं पाहत होतो. पानवाला विड्यात तो पाला घालतो, गोड असतो, एवढं मलाही माहीत होतं. पण खोकल्यासाठी कोणी पाजलेला पाहिला नव्हता.

“तुह्या दारात औषध हाये आन् तू गाढवीन धरून राह्यला,” तो म्हणाला. मग हसणं सोडून त्यानं सांगितलं, “पाला तेवढाच घ्याचा. शेंग तथीच राहू द्याची. दान्याचं तुले सांगाले नको.”

नको होतंच. लहानपणी मी सुट्टीत मामाकडं असताना त्यांच्या गोठ्यातला एक बैल पडला होता. गावातल्या कुठल्या वैरातून कोणीतरी गुंजेचे दाणे वाटून, त्याची बारीक सुई वळून, वाळवून त्याच्या मानेत टोचली होती. सुई केवढी, तर बाभळीच्या काट्याएवढी. बैल केवढा, तर मी त्याच्या पोटाखालून उभ्यानं जायचो. तो दोन दिवस उठला नाही आणि तिसऱ्या दिवशी गेला. मामेभाऊ तेव्हा रांगत असेल, पण त्याच्या घरात ती गोष्ट जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखी सांगितली जायची. सुंदर, लाल, काळ्या डोळ्याचा तो दाणा सोनाराच्या तराजूत असतो, पोरांच्या गळ्यात असतो, आणि त्याच्या आत ते असतं.

तर मला सगळं माहीत होतं. पाला तिथंच उभं राहून खुडायचा होता. पण घरातून ढास ऐकू आली आणि मी वेलाला हात घालून ओढला. घरी जाऊन खुडू म्हटलं.

बायकोनं पाला खुडला, धुतला, आल्याचा तुकडा आणि खडीसाखर टाकून उकळला. मुलीनं पहिला घोट घेतला आणि आम्ही दोघं तिच्या ओठांकडं पाहत राहिलो. ओठ वाकडा झाला नाही. तिनं वाटी पुढं केली आणि आणखी मागितलं. आठवड्याभरात घरात पहिल्यांदा बायकोनं डोळ्याला पदर लावला आणि मला मेथीवरून बोलायला सुरुवात केली, म्हणजे तिलाही थोडं बरं वाटलं होतं. मग तिनं उरलेला वेल शेंगांसकट माझ्या हातात दिला आणि सांगितलं की हे लांब नेऊन जाळून टाका.

मी लांब नेलं. परसातल्या सरपणापर्यंत. जाळायचं उद्या पाहू म्हटलं.

दोन दिवस चांगलं ऊन पडलं. काढ्यानं म्हणा की काढा प्यायला ती रडत नव्हती म्हणून म्हणा, ढासा थोड्या लांब लांब यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तर ती खाटेवरून उतरून परसात गेली आणि तिनं तिची भातुकली मांडली. मातीची चूल, नारळाची करवंटी, बोळकी, वाटायला दोन दगड. कितीतरी दिवसांनी ती खेळत होती. मी धन्यासाठी नवा वाफा भुसभुशीत करून येऊन भिंतीला टेकून बसलो होतो आणि तिच्याकडं पाहत होतो. मला वाटलं, आता आपण सुटलो.

तिनं काहीतरी वाटलं, पाण्यात कालवलं, चिंधीच्या बाहुलीला पाजलं, आणि मग करवंटी घेऊन माझ्याकडं आली. बाबा खोकतो, बाबानं औषध घ्यायचं. एरवी अशा वेळी मी तोंडानं घोट घेतल्याचा आवाज करून पाणी मागं ओतायचो. पण आजारपणाच्या सुरुवातीला एकदा तिनं मला ओतताना पकडलं होतं, आणि त्या रडण्यानं जी ढास उठली तिच्यात तिचा श्वास फार वेळ अडकला होता. तेव्हापासून मी ती जे देईल ते खरंच प्यायचो. तसं तेही प्यायलो. गढूळ होतं, लालसर होतं, दाताखाली कचकच आली. मी मिशी पुसली आणि औषध फार गुणाचं आहे म्हणून सांगितलं. ती खूश होऊन परत गेली, आणि मला डुलकी लागली.

जाग आली ती बायकोच्या आवाजानं. ती बाजारातून रिकाम्या टोपल्या घेऊन आली होती आणि सरपणापाशी उभी होती. ओरडली नाही. अगदी हळू बोलली.

“ह्या शेंगा उकलल्या कवा?”

मी उठून गेलो. उन्हानं वेलावरच्या शेंगा वाळून फुटल्या होत्या, काही आपोआप, काही बोटांनी सोललेल्या दिसत होत्या. दोन्ही कडा पिरगळून गेल्या होत्या आणि आत एकही दाणा नव्हता. मी सरपण उचललं, खाली पाहिलं, लाकडं एकेक करून बाजूला टाकली. माती, कीड, एक जुनी दोरी. दाणे नाहीत.

किती होते ते कोणाला माहीत? मी वेल ओढला होता, मोजला नव्हता.

मुलगी भातुकलीपाशी बसली होती. बायको तिच्यापुढं जाऊन मांडी घालून बसली. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते, पोरीला काही कळू नये म्हणून. तिला घाबरवायचं नाही, रडवायचं नाही. तिनं कौतुकानं विचारल्यासारखं विचारलं की लाल लाल दाणे कुठं आहेत, तू खाल्ले का? मुलीनं मान हलवली, नाही. मग टाकले का? नाही. मग कुठं आहेत? ती माझ्याकडं पाहायला लागली आणि काही बोलेना. तिचा खालचा ओठ हलायला लागला. मी पटकन हसलो. असलं हसू देव कोणाला न देवो. बायकोनं तिचं तोंड उघडायला लावून जिभेखाली, गालात बोट फिरवलं, आणि त्यानंच ढास उठली.

ढास संपल्यावर ती उलटली. आम्ही नवराबायको त्या उलटीवर वाकून लाल काही दिसतं का ते पाहत होतो. काहीच दिसलं नाही.

मग बायकोची नजर वाटायच्या दगडांवर गेली. दोन्ही दगड लाल होते. मधल्या खळग्यात लाल पीठ होतं, ओलं.

त्या क्षणाचं मला नीट आठवत नाही. सुई आठवते, मानेतली, बाभळीच्या काट्याएवढी. आणि ते पोटाखालून जाता येण्याएवढं जनावर.

“हे कोनं पेलं?” बायकोनं विचारलं.

“बाहुलीनं,” मुलगी म्हणाली. “आन् बाबानं.”

बायकोनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. तोंड कोरडं पडलं होतं, आणि ते विषानं की भीतीनं हे मला आजही सांगता येणार नाही. लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार मुलीचा आला नाही. पहिला विचार आला की दाताखाली कचकच आली होती. मग लगेच, तिनं स्वतः नसेल का घेतलं? पाजणारी बाई आधी चाखून पाहते. तिची आई रोज काढा पाजण्याआधी चाखून पाहायची. पोर आईचंच पाहून खेळते.

मी बैलगाडी जुंपली. मामेभाऊ त्या दिवशी बाजारात गेला होता, त्याला वाटेत घेतलं. तो गाडीत चढला आणि त्यानं सगळं ऐकलं. दाणा अख्खा गेला तर अख्खा निघून जातो, तो सांगत राहिला, त्याची साल कडक असते, फुटला असेल तरच. तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता की दादा, दाताखाली आलं ते गोल होतं का चपटं होतं. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो की मला आठवत नाही. बायको मुलीला छातीशी धरून बसली होती आणि आमच्यापैकी कोणाकडंच पाहत नव्हती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांनी मुलीला तपासलं, मला तपासलं, पोटं दाबून पाहिली. माणूस शांत होता, त्यानं मला शिव्या दिल्या नाहीत. तो म्हणाला की हे लगेच दिसत नाही, पुष्कळ तासांनी दिसतं, कधी दुसऱ्या दिवशी. दोघांना दूध द्या, पाणी द्या, आणि उलट्या सुरू झाल्या तर ताबडतोब घेऊन या.

दाराबाहेर आल्यावर बायको पहिल्यांदा बोलली.

“तिले तं दर ढासीले उलटी होते. मले कसं समजंल?”

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले की उलटीत रक्त दिसतं का पाहा.

घरी आल्यावर मामेभावानं सांगितलं की त्याच्या आजीला गुंजेवर तांदुळजाचा रस माहीत होता, तो देऊन पाहू, नुकसान तर नाही. तांदुळजा आमच्याकडं वाफाभर होता. बायकोनं ओंजळी ओंजळी तोडून पाट्यावर वाटला, फडक्यातून पिळला, साखर घातली. मुलीला गोड म्हणून दिला, मला नुसता दिला. मी हिरवं तोंड घेऊन बसलो होतो आणि तेवढ्यात मुलगी मला पाहून हसली. बायको हसली नाही. तिनं भांडं पुन्हा भरलं.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. ती खोकली की आम्ही दिवा घेऊन वाकायचो. एवढंच.

सकाळी ती झोपली होती. श्वास चालू होता, अंग गार होतं, थोडं घामेजलेलं. माझ्या पोटात कळ होती, पण एवढं दूध आणि तांदुळजा पोटात घेतल्यावर कोणाच्याही आली असती. बायको तिच्या उशाशी बसून होती. मला घरात बसवेना. रोज या वेळी मी मोट धरतो म्हणून त्याही दिवशी धरली. हातांना दुसरं काही करता येत नव्हतं. मामेभावाला बैलांमागं ठेवलं आणि मी फावडं घेऊन दांडावर गेलो, पाणी वळवायला. धन्याचा नवा वाफा कोरडा होता, आदल्या दिवशीच मी भुसभुशीत केलेला. त्याचं तोंड फोडायला वाकलो आणि थांबलो.

वाफ्याच्या कडेला लहान पाऊल उमटलं होतं. टाच खोल, बोटं वेगळी वेगळी. पुढं आणखी एक. आणि त्यांच्या बाजूनं, ओळीनं, मातीत बोटानं पाडून बुजवलेले खळगे. एक वीत अंतर सोडून. तिची आई काकडी लावते तसे.

मी फावडं टाकलं आणि गुडघ्यावर बसून पहिला खळगा उकरला. काळ्या डोळ्याचा लाल दाणा वर आला. अख्खा, चकचकीत. दुसऱ्या खळग्यात दुसरा, मग तिसरा, असे ओळीनं निघतच गेले. मी हाक मारली असावी, कारण बैल थांबले आणि मामेभाऊ धावत आला, आणि बायकोही दारातून धावत आली, मला वाटतं मला काहीतरी झालं असं समजून. तिनं मला गुडघ्यावर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा जसा होता तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. मी दोन्ही हात पुढं केले. ओंजळीत गुंजा होत्या.

आमच्या घरात बी दिसलं की त्याचं एकच करतात. काकडीचं, भोपळ्याचं, दोडक्याचं, कोणतंही बी बायको राखेत घोळून गाडग्यात ठेवते आणि पुढं लावते. पोरीनं जन्मापासून दुसरं काही पाहिलंच नव्हतं. शेंगेतून दाणे निघाले, तर ते पेरायचे. खायचं तिच्या मनातही आलं नसेल.

सांगितलं का नाही, हेही लगेच समजलं. पावसाळ्यात एकदा ती नुकत्याच पेरलेल्या वाफ्यातून पळत गेली होती आणि मी तिला रागावलो होतो, माझ्या मानानं फारच. वाफ्यात पाय ठेवायचा नाही. म्हणून ती माझ्याकडं पाहून गप्प बसली होती. ती जागी झाल्यावर मी तिला कडेवर घेऊन वाफ्यापाशी आलो. पाऊल पाहिल्याबरोबर तिचा ओठ हलायला लागला.

“बाबा, मी कडंकडंनं गेली,” ती म्हणाली.

मी म्हटलं की फार चांगलं पेरलं, आईपेक्षा चांगलं पेरलं. रडू आलं नाही. तिला.

“आन् दगडावर लाल काय वाटलं होतं?” बायकोनं विचारलं.

मुलीला प्रश्नच कळेना. तिनं घराच्या कोपऱ्यातल्या फुटक्या विटेकडं बोट दाखवलं. भातुकलीतलं तिखट सगळ्या पोरींचं विटेचंच असतं.

तरी दिवसभर माझ्यावर आणि मुलीवर लक्ष ठेवणं चालूच होतं, कारण सगळे दाणे सापडले असं कोण म्हणणार होतं? मामेभावानं राहिलेला वेल दूर शेताच्या टोकाला नेऊन स्वतः जाळला, मला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत मुलगी दोनदाच खोकली, आणि उलटीत दुधाशिवाय काही नव्हतं. पुढं थंडी सरता सरता खोकलाही सरला. पाल्यानं सरला की त्याचे दिवस भरले होते म्हणून, ते मला माहीत नाही. पण तो गोड काढा पाहिजे म्हणून ती पुढं कितीतरी दिवस खोटं खोटं खोकत होती. त्या वाफ्यात मी धने पेरलेच नाहीत. पुढच्या पावसाळ्यात तिथं एक गुंजेचा वेल उगवला. म्हणजे सगळे सापडले नव्हतेच.

दाणे सापडले त्या दिवशी दिवेलागणीला, मामेभाऊ गावाला जायला निघाल्यावर, मी भिंतीला टेकून बसलो होतो. मुलगी बाहुलीला निजवत होती. बायको चुलीपासून उठून आली आणि माझ्यापुढं वाटी ठेवली. काळा, वाफाळता, अडुळशाचा काढा. या वेळी ती आत गेली नाही, समोर बसली.

“पोट्टीच्या हातचं इख हाये का पानी, न पाहता निमूट पेले,” ती म्हणाली. “आता हे प्या. आन् पपईले पाजू नका, मी पाहून राह्यली.”